वाऱ्यानं लागलेलं दार

वेलिकाचे केस कापायला घेतले की ती आरशात स्वतःकडे बघत नाही, आरशातून माझ्याकडे बघते. मी काय बोलणार ते आधीच ओळखून उत्तर जिभेवर घेऊन बसते. शाळेत होतो तेव्हाही अशीच होती मेली. आम्ही एका बाकावर बसायचो. मी तिच्या वहीत बघून लिहायचे, तरी मला कमी मार्क पडायचे. विचारलं तर म्हणायची, "गिना, तू माझं उत्तर लिहितेस, पण ते 'का' ते गाळतेस."

'का' हा तिचा शब्द. दूध नासलं तरी ती फेकून देण्याआधी विचारणार, का नासलं? पुढे ती आमच्याच शाळेत साहित्याची बाई झाली आणि मी चौकातल्या इमारतीत खाली केस कापायचं दुकान थाटलं. ती त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची माझी आजवर हिंमत झाली नाही. माझ्यासारख्या बाईची हिंमत होत नाही म्हणजे बघा.

आमच्या गावात जो कोणी शाळेत गेला, त्याला तिचा एक धडा तोंडपाठ आहे. दोन भावांची जुनी गोष्ट. देशभरच्या मुलांना ती असते, पण वेलिका शिकवायची तशी कोणी शिकवत नसेल. दोघा भावांचं भांडण होतं. धाकटा परमुलखात भाजीचे मळे करायला निघून जातो. कित्येक वर्षांनी क्षमेच्या रविवारी परत येतो, कारण त्या दिवशी धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं असतं, त्याचा हात आपल्या ओठांना लावायचा असतो, "मला माफ कर" म्हणायचं असतं. थोरला दिवसभर दार उघडं टाकून वाट बघत बसलेला. संध्याकाळी शेकोटीपाशी त्याला डुलकी लागते. धाकटा येतो, तर दार बंद. तो हाकही मारत नाही, फिरतो आणि कायमचा जातो. सकाळी थोरल्याला उंबरठ्यापर्यंत आलेली आणि तिथून वळलेली बर्फातली पावलं दिसतात. संपली गोष्ट.

वेलिका फळ्यावर तीन रकाने आखायची. डावीकडे स्वभाव, मधे कारण, उजवीकडे परिणाम. मधे बाण. "दार कोणी लावलं?" ती विचारायची. लेखकानं ते कुठेच लिहिलेलं नाही. सगळा वर्ग एका सुरात, "थोरल्यानं!" "का?" "गर्वामुळे!" मग ती गर्वापासून दारापर्यंत आणि दारापासून पावलांपर्यंत खडू असा ओढायची की करकर आवाज व्हायचा. म्हणायची, "बाळांनो, गोष्टीत काही उगीच घडत नाही. जे घडतं ते माणसाच्या स्वभावातून घडतं. स्वभाव ओळखा, बाकीचं आपोआप कळेल."

गावात तिची थट्टा व्हायची. बस उशिरा आली की थांब्यावर कोणीतरी म्हणणारच, "ड्रायव्हरचा स्वभाव, रात्रीची रकिया-दारू, आता आपण थंडीत!" खाटीक, पोस्टमन, नगराध्यक्ष, सगळे तिचेच विद्यार्थी. तिलाही ते आवडायचं. वर वर ओठ दाबून घ्यायची, पण कान टवकारलेले.

आता दोन्काचं सांगते. दोन्का तिची धाकटी बहीण. वेलिका जेवढी ताठ, तेवढी दोन्का वाऱ्यावरची. लोकरीच्या गिरणीत कामाला होती, तोंड असं तिखट की मुकादम तिच्या यंत्राजवळून जाताना वेग वाढवायचा. नवरा लवकर गेला. मुलगा यासेन तेव्हा पाळण्यात. गिरणीच्या पाळ्या चालू, म्हणून पोरगं वेलिकाच्याच मांडीवर वाढलं. चालायला इथे शिकलं, अक्षरं इथे शिकलं, माझ्या दुकानातल्या केसांत लोळून शिंकायलाही इथेच शिकलं. क्षमेच्या रविवारी दोन्का त्याला घेऊन बहिणीकडे यायची. पायऱ्यांवरूनच ओरडायची, "ताई, दार उघडं आहे ना? की यंदा आमच्यावर रागावलीस?" हा तिचा दर वर्षीचा विनोद होता. त्या दिवशी थोरल्याच्या दाराला कुलूप म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. तोंडावर थुंकल्यापेक्षा वाईट. मग चीज भरून भाजलेली पापुद्र्यांची बानित्सा, मग दिव्याला दोऱ्यानं बांधलेला अक्रोडाच्या घट्ट हलव्याचा तुकडा. यासेन हात मागे धरून तोंडानं पकडायला उड्या मारायचा, आणि वेलिका बाई, शाळेत जिला बघून पोरं सरळ बसायची, ती हसून हसून डोळे पुसायची.

मग पोरगा शेवटच्या वर्गात आला. वार्षिक निबंध वेलिकाच तपासायची, आणि त्याचे मार्क दाखल्यावर चढायचे, म्हणजे राजधानीतल्या, सोफियाच्या विद्यापीठाची वाट तिथूनच जायची. विषय आला दोन भावांची गोष्ट. यासेनसाठी यापेक्षा सोपं काय? तो ती गोष्ट मावशीच्या मांडीवर बसून ऐकत आला होता.

आणि पठ्ठ्यानं लिहिलं काय, तर दार थोरल्यानं लावलंच नाही. वाऱ्यानं लागलं.

सहापैकी तीन मार्क दिले तिनं. तीन म्हणजे नापास नाही इतकंच.

भांडण माझ्या दुकानात झालं. वेलिका खुर्चीत, केस ओले. दुसऱ्या खुर्चीत पोस्टमनची बायको, डोक्यावर रंग थापलेला. दोन्का गिरणीतून तशीच आली, अंगावर लोकरीचे तंतू.

"तीन? ताई, तीन?"

"दुकानात नको, दोन्का."

"दुकानातच! गावाला कळू दे. आपल्या पोराला सगळे मार्क वाढवून देतात, तू कापून दिलेस!"

"मी कापले नाहीत. त्यानं कमावले नाहीत. वारा म्हणे! सबंध गोष्टीचा कणाच काढून टाकला त्यानं. असं दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी दोन दिले असते."

"म्हणजे एक मार्क मावशीपणाचा दिलास! उपकार झाले!"

"माझ्या वर्गात माझं कोणी नाही," वेलिका म्हणाली. मान ताठ, केसातून पाणी गळतंय. "ते तुला कळायचं नाही. तुझ्यासारखं मनाला येईल ते बोलत सुटणं मला जमत नाही."

दोन्का गप्प झाली. ती गप्प झालेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "ठीक आहे ताई. यापुढे माझंही तुझ्या घरात कोणी नाही." आणि गेली. पोस्टमनच्या बायकोचा रंग त्या नादात जास्त वेळ राहिला आणि डोकं गाजरासारखं झालं. पुढचा महिनाभर ती डोक्याला रुमाल बांधून गावभर हे भांडण सांगत फिरली.

त्याच शरद ऋतूत यासेन स्पेनला गेला. आधी स्ट्रॉबेरी तोडायला, मग बांधकामावर. दोन्काच्या मनात बाण पक्का झाला. तीन मार्क, म्हणून विद्यापीठ नाही, म्हणून स्पेन, म्हणून मी रिकाम्या घरात एकटी. ती कधी साहित्य शिकली नव्हती, पण बहिणीचा धडा तिनं बरोब्बर बहिणीवरच चालवला. आणि वेलिकाच्या मनात दुसरा बाण होता. दोन्काचा स्वभाव उतावळा, म्हणून शब्द, म्हणून दुरावा. ज्यानं शब्द टाकला त्यानं उचलावा. त्यातून ती धाकटी.

पुढच्या क्षमेच्या रविवारी वेलिकानं दार उघडं ठेवलं, बानित्सा केली, हलवा आणला. जुने विद्यार्थी आले, तिचा हात ओठांना लावून माफी मागून गेले. त्यात खाटीक होता, तो इतका मोठा की त्याला वाकताना बघून मला भीती वाटायची. दोन्का आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दर वर्षी वेलिका तीच बशी मांडायची, निळ्या कडेची, दोन्काला आवडायची ती. आणि दर वर्षी संध्याकाळी ती धुवून परत ठेवायची, न वापरलेली बशी धुवून ठेवायची. मी एकदा म्हटलं, "अगं, बशी स्वच्छ आहे." ती म्हणाली, "धूळ बसते."

दोघी माझ्याकडेच यायच्या, वेगवेगळ्या दिवशी. मी मधे, कात्री हातात. वेलिका विचारायची, "तिचे केस पांढरे झाले का गं?" मी म्हणायचे, "जाऊन बघ की." दोन्का यायची, बसायची, आणि म्हणायची, "तुझी ती शहाणी मैत्रीण अजून चष्मा डोक्यावर ठेवून शोधत फिरते का?" मी म्हणायचे, "हो." तर हसायची, आणि हसता हसता थांबायची.

एकदा मला राहवलं नाही. दोन्काला म्हटलं, "तू जा ना. धाकटी आहेस. दोन जिने चढायचे आहेत."

"का म्हणून? चूक तिची, आणि हात मी ओठांना लावू? थोरली आहे म्हणून देव झाली का? एकदा तिनं यावं. एकदा फक्त. मी तिला काही बोलणार नाही, बस म्हणेन, कॉफी टाकेन."

हे मी वेलिकाला सांगितलं, जसंच्या तसं. तिनं आरशातून बघितलं. म्हणाली, "क्षमेच्या रविवारी थोरलं माणूस धाकट्याच्या दारात जात नाही. जगात कुठे पाहिलंस असं?" म्हटलं, "जगात मी कुठे गेलेय? पण तू जा." ती म्हणाली, "दोन्काचा स्वभाव तुला माहीत नाही. मी गेले आणि तिनं दार लावून घेतलं तर?" तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हिला गर्व नाहीये, ही घाबरलीय. वाघासारखी बाई, आणि धाकट्या बहिणीच्या दाराला घाबरते. माझा सगळा राग एकदम विरघळला आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

अशी वर्षं गेली. काय सांगू! एवढंसं गाव, दोन्का राहायची त्या वरच्या आळीतून चौकात यायला दोनच वाटा, एक चर्चच्या पायऱ्यांची आणि एक गिरणीच्या रस्त्याची, आणि या दोघी बहिणी एकमेकींना चुकवायला असं वेळापत्रक करून होत्या की रेल्वेला जमलं नसतं. एकीला बाजार सकाळी, दुसरीला दुपारी. एकीला चर्च मोठ्या प्रार्थनेला, दुसरीला मेणबत्ती लावून लगेच घरी.

मग मागच्या हिवाळ्यात दोन्का केस कापायला आली ती खुर्चीपर्यंत पोचेपर्यंत दोनदा थांबली. ओठ निळसर. केस माझ्या हातात नुसते निघून येत होते. "डॉक्टर म्हणतात हृदय मोठं झालंय," ती म्हणाली. "बघ, लोक म्हणायचे माझं मन मोठं नाही." आणि हसली. मी कापड झटकायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि रडले.

वेलिकाला मी तेही सांगितलं. केस पुरते वाळायच्या आत उठली आणि वर गेली.

क्षमेचा रविवार त्यानंतर लगेच होता. मी नवऱ्याबरोबर त्याच्या थोरल्या भावाच्या खेड्यात गेले. त्या दिवशी सगळेच कुठे ना कुठे जातात, इमारत रिकामी असते. त्या रात्री गाव टेकडीवर होळी पेटवतं, तिच्यासाठी संध्याकाळी आम्ही परत आलो, तर वेलिका तिथे नव्हती. सोमवारी सकाळी मी दुकान उघडत होते तेव्हा ती खाली आली.

"काल गेले होते," ती म्हणाली.

माझ्या हातातून किल्ल्या पडल्या. "दोन्काकडे? तू? आणि मग?"

"फाटक बंद होतं."

"हाक मारलीस?"

"बंद होतं म्हटलं ना, गिना. कडी लावलेली. मी तिथे उभी राहिले, हातात हलवा घेऊन, सगळ्या आळीला दिसेल अशी. तिनं खिडकीतून बघितलं असेल."

"अगं, दिसली का ती खिडकीत?"

"दिसायची काय गरज आहे? तिचा स्वभाव मला माहीत नाही का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता चल, मी येते बरोबर." ती म्हणाली, "एकदा गेले. थोरली असून गेले. आता नाही." आणि शाळेला गेली. मी दुपारी दुकान बंद करून स्वतः वरच्या आळीत गेले. फाटकाला कडीच्या जोडीला आता कुलूपही होतं. शेजारणीनं सांगितलं, दोन्का पहाटेच्या बसनं सोफियाला गेली, तिथून विमानानं मुलाकडे. यासेन कित्येक वर्षं बोलावत होता, ती हलायला तयार नव्हती. रविवारी रात्री अचानक फोन केला म्हणे, येते म्हणून.

वेलिकाला सांगितलं तर म्हणाली, "बघ. मला टाळायला देश सोडून गेली."

दोन्का स्पेनमध्येच वारली, शरद ऋतूच्या शेवटी. यासेननं तिला घरी आणलं, इथल्या मातीत ठेवायला. मी त्याला ओळखलंच नाही, खांदे रुंद, दाढीत पांढरे केस, हात सिमेंटनं फाटलेले. कबरीपाशी वेलिका थोडी लांब उभी राहिली, पाहुण्यासारखी. सख्खी बहीण! मला तिला दंडाला धरून पुढे ओढावंसं वाटत होतं.

नंतर दोन्काच्या घरी जेवण होतं. उकडलेले साखर घातलेले गहू, गोल पाव, वाइनचा घोट जमिनीवर सांडून मग प्यायचा. लोक हळूहळू पांगले. वेलिका कोपऱ्यातल्या बाकावर, कोटाची बटणंही न काढता. मी ताटं गोळा करत होते. यासेन येऊन तिच्याशेजारी बसला.

"मावशी, दमलीस?"

"नाही."

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?" लहानपणी विचारायचा तसंच विचारलं त्यानं. "मागच्या क्षमेच्या रविवारी तू दाराला कुलूप का लावलंस?"

मी ताटं घेऊन तशीच उभी राहिले.

"कोण म्हणालं?" वेलिका म्हणाली.

"आईच. ती आली होती ना तुझ्याकडे. तिकडे रोज तेच घोकायची. म्हणायची, एवढे जिने चढून गेले, तर त्या दिवशी, त्या दिवशी, ताईनं दाराला कुलूप घातलं. बाकी सगळं तिनं सोडून दिलं होतं बघ. तेवढं एक नाही सोडलं."

वेलिकाचा हात कोटाच्या बटणाशी गेला आणि तिथेच राहिला. "कुठल्या वाटेनं आली ती?"

"गिरणीच्या. पायऱ्यांवर बर्फ होतं, तिला चढ-उतार झेपायचा नाही."

"मी पायऱ्यांनी गेले," वेलिका म्हणाली.

यासेनला कळायला वेळ लागला. मला नाही लागला. ताटं मी टेबलावर ठेवली, नाहीतर फुटली असती. म्हातारपणी एकदा, एकच दिवस, दोघींनी आपला हट्ट सोडला, आणि तो एकाच दिवशी सोडला. एक पायऱ्यांनी वर गेली, एक रस्त्यानं खाली आली. थोरली घरात नव्हती म्हणून तिच्या दाराला कुलूप. धाकटी घरात नव्हती म्हणून तिच्या फाटकाला कडी. त्या दिवशी धाकट्यांची घरं बंदच असतात की! सगळे थोरल्यांकडे गेलेले असतात. शेंबड्या पोरालाही हे कळतं. मलाही सोमवारी कळायला हवं होतं, पण तिनं असं ठासून सांगितलं की माझंही डोकं चाललं नाही. आणि वेलिकाला, जिनं जन्मभर कारणं शोधली, तिला कडी दिसली आणि कडीमागे बहिणीचा स्वभाव दिसला. दोन्कानंही तेच केलं. कुलूप पाहिलं आणि ताई पाहिली.

"म्हणजे तू…" यासेन म्हणाला, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा मोठा माणूस, खांदे हलत होते.

वेलिका रडली नाही. बटणावरचा हात खाली घेतला. मग एकच शब्द बोलली.

"वारा."

"काय, मावशी?"

"तू लिहिलं होतंस. वाऱ्यानं लागलं म्हणून. मी तीन दिले."

यासेननं डोळे पुसले, आणि खरंच सांगते, तो थोडा हसला. "मावशी, ते अजून लक्षात आहे तुझ्या? अगं, मी त्या वर्षी पुस्तक उघडलंच नव्हतं. आदल्या दिवशी पहिलं पान तेवढं वाचलं. त्यात सुरुवातीलाच डोंगरावरून वारा सुटतो आणि मेंढपाळाची टोपी उडवतो. म्हटलं, एवढा वारा आहे तर दारही त्यानंच लावलं असेल. दुसरं काही सुचलंच नाही."

"पहिल्या पानावर आहे," वेलिका म्हणाली. "खरंच आहे. मी ते पान इतक्या वर्षांत कधी थांबून वाचलं नाही. पोरांना सांगायचे, हे नुसतं वर्णन आहे, पुढे चला."

"आणि मार्कांचं मनाला लावून घेऊ नकोस. मी तसाही जाणारच होतो. माझ्या मित्रानं तिकडे जागा बघून ठेवली होती. आईला सांगायची हिंमत नव्हती, तेवढे तीन मार्क कामाला आले."

हे खरं होतं की मावशीचं मन राखायला, मला नाही कळलं. चांगला मुलगा आहे, खोटंही बोलला असेल. पण खरं असेल तर काय? तर दोघी बहिणींनी जी एवढी वर्षं घालवली, ती कशासाठी?

तो नवव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर परत गेला. घराला कुलूप लावून किल्ली मावशीला दिली. आमच्याकडे दारावर लावतात तसा, दोन्काचा फोटो छापलेला निधनाचा कागद फाटकावर राहिला. फोटो जुना आहे, गिरणीतला, हसतेय.

हिवाळ्यात शाळेत तो धडा आला. माझ्या भावाची नात त्या वर्गात आहे, तिनं सांगितलं. बाईंनी नेहमीसारखे तीन रकाने आखले. "दार कोणी लावलं?" वर्ग म्हणाला, "थोरल्यानं!" बाई खडू धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी रकाने पुसले आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. पहिलं पान परत वाचा, हळू." मुख्याध्यापकांकडे तक्रार गेली की परीक्षा तोंडावर आलीय आणि बाई उत्तर देत नाहीत. मुख्याध्यापक स्वतः तिचाच विद्यार्थी. तो तिच्याकडे गेला, आणि तक्रारीचा कागद तसाच खिशात घेऊन परत आला.

यंदाच्या क्षमेच्या रविवारी मी खेड्यात गेले नाही. नवऱ्याला म्हटलं, तू जा, भावाला सांग गिनाचे गुडघे दुखतात. वेलिका सकाळीच खाली आली. काळा कोट, हातात रुमालात बांधलेला हलवा.

"पायऱ्यांनी की रस्त्यानं?" मी विचारलं.

"रस्त्यानं," ती म्हणाली. "ती आली होती त्या वाटेनं."

आम्ही सावकाश गेलो. बंद गिरणीच्या कडेनं चिखल होता. वाटेत जुने विद्यार्थी भेटले, तिच्याकडेच निघालेले, हात धरायला वाकायला लागले. ती म्हणाली, "माझ्या घरी जाऊन बसा बाळांनो, मी येते." फाटकापाशी पोचलो. किल्ली तिच्या खिशात होती, पण ती काढली नाही. रुमाल फाटकाच्या खांबावर ठेवला. मग फाटकावरच्या त्या कागदापुढे वाकली. थोरली असून धाकटीपुढे वाकली. मी दुसरीकडे बघितलं, पण कान कुठे नेणार?

"दोन्का, मला माफ कर."

यावर उत्तर द्यायचं असतं. देवानं माफ केलं, मीही केलं, असं म्हणायचं असतं. ते ऐकल्याशिवाय माणूस सरळ उभं राहत नाही. वेलिका वाकलेलीच राहिली. आळीत कोणी नव्हतं, सगळे आपापल्या थोरल्यांकडे. शेवटी माझ्यानं बघवेना. मी म्हटलं, "देवानं माफ केलं, मीही केलं."

ती सरळ झाली. माझ्या हातावर हात ठेवला. "तुझं नाही चालत, गिना," ती म्हणाली. रागानं नाही. चुकलेलं उत्तर सांगावं तसं, हळूच.

परत आलो आणि जिना चढलो, तर तिचं दार सताड उघडं. जाताना ती उघडंच ठेवून गेली होती, आणि दाराला आतून स्वयंपाकघरातली जड खुर्ची लावून ठेवली होती, वाऱ्यानं लागू नये म्हणून. आत वाटेत भेटलेले ते जुने विद्यार्थी बसले होते, बानित्सा खात. टेबलावर निळ्या कडेची बशी मांडलेली, रिकामी.

"आता कशाला गं?" मी विचारलं. "आता कोण यायचंय?"

"कोणी नाही," वेलिका म्हणाली, आणि खुर्ची तशीच राहू दिली.